अकूस्टिक गिटारच्या तारा: १०, ११ की १२? आणि कोकणातल्या गंजाचं काय करायचं?

समुद्रकाठचा

नमस्कार मंडळी. मी गुहागरला राहतो, घरापासून समुद्र चालत चार मिनिटांवर. गेल्या दिवाळीत यामाहा एफ३१० घेतली, खरं तर स्वतःसाठी, वय ४३, लहानपणापासून राहून गेलेली गोष्ट होती. पण आता नववीतली लेक माझ्यापेक्षा जास्त वाजवते आणि मला त्याचा आनंदच आहे.

मार्चपर्यंत मूळच्या तारा काळ्या पडल्या, आवाज बसला, म्हणून एका दुकानात गेलो आणि सांगितलं की भाऊ हलक्या तारा द्या, मुलीची बोटं दुखतात. त्याने पाकीट दिलं, वर "लाईट" लिहिलेलं, मी विश्वासाने आणलं आणि यूट्यूब बघत तासभर खपून चढवल्या. तर या आधीपेक्षा कडक! एफ कॉर्ड तर दोघांचाही वाजत नाही, लेकीने चार दिवस गिटारला हात लावला नाही. त्यात पहिला पाऊस झाला आणि तीन आठवड्यांत बारीक दोन तारांवर नारिंगी ठिपके दिसायला लागले.

तर प्रश्न असे की हलक्या तारा म्हणून नक्की काय मागायचं, फॉस्फर ब्रॉन्झ आणि ८०/२० यात काय फरक, आणि कोटेड (पातळ संरक्षक थर दिलेल्या) तारांना दुप्पट पैसे घालणं आमच्यासारख्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना परवडतं का. ब्रँडची नावं सगळेच सांगतात, मला कारण समजून घ्यायचंय.

सहावी_तार

पाकीट ठेवलंय का? त्यावर मागच्या बाजूला सहा आकडे असतील, पहिला आणि शेवटचा सांगा. आणि आणखी एक करून बघा, घरात कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) असेल तर पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) लावा आणि मग एफचाच आकार एक घर पुढे धरा. एकदम सोपं वाटलं तर सांगा, त्यावर पुढचं ठरेल.

समुद्रकाठचा

पाकीट सापडलं. ०.०१२ ते ०.०५३. कॅपो लावून बघितलं, कमालीचा फरक आहे, लेक म्हणाली बाबा ही वेगळीच गिटार वाटतेय.

सहावी_तार

मग तुमच्याकडे एक नाही, दोन गोष्टी आहेत. तारा जाड आहेत आणि नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) उंच आहे. वेळ काढून लिहितो कारण हा प्रश्न माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दर दुसऱ्या घरातून येतो.

आधी नावांचं. "लाईट", "एक्स्ट्रा लाईट", "कस्टम लाईट" ही नावं कंपन्यांनी आपापली ठेवलीयेत, त्यांचा एकच अर्थ नाही. डॅडारिओचा लाईट म्हणजे १२-५३. मार्टिनचा लाईट १२-५४. आणि अर्नी बॉलच्या अर्थवूडमध्ये लाईट म्हणजे ११-५२, जो बाकीच्यांकडे कस्टम लाईट म्हणून मिळतो. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला फसवलं नाही, पाकिटावर खरंच लाईट लिहिलेलं होतं. अकूस्टिकच्या जगात १३-५६ ला मीडियम म्हणतात, त्या हिशोबाने १२ हलकं. शिकणाऱ्या मुलीच्या बोटाच्या हिशोबाने नाही. म्हणून दुकानात नाव सांगायचंच नाही, आकडा सांगायचा. "दहाचा सेट द्या" किंवा "अकराचा द्या". पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागात किती जाड आहे तो हा आकडा, १० म्हणजे ०.०१० इंच.

आता १० आणि १२ मध्ये दिसायला केसाएवढा फरक, पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. बाराचा वर्ग १४४, दहाचा १००, म्हणजे त्याच सुराला आणायला पहिली तार ४४ टक्के जास्त ताणावी लागते. तुमच्या एफ३१० ची स्केल ६३४ मिमी आहे (नटपासून सॅडलपर्यंतची, म्हणजे खालच्या टोकाला ब्रिजवर बसवलेल्या पट्टीपर्यंतची तारेची लांबी), तेवढ्या लांबीवर १० ची पहिली तार साधारण सात किलोने ओढलेली असते, ११ ची साडेआठने आणि १२ ची दहा किलोने. सहाही तारा मिळून १२ चा सेट सत्तर किलोच्या आसपास ओढतो, १० चा साठच्या आसपास. बोटाला जो फरक जाणवतो तो हा.

पण यातली खरी मेख अशी की नट उंच असेल तर तुम्ही १० लावा नाहीतर ८ लावा, पहिल्या घरात तार दाबायला दुखणारच, कारण तार नटच्या अगदी जवळ असते आणि तिला खाली वाकवायला जागाच नसते. एफ कॉर्ड तिथेच धरायचा असतो. कॅपो लावला की नटचं काम कॅपो करतो आणि त्याची उंची फ्रेटएवढी असते, म्हणून एकदम सोपं वाटतं. नवीन स्वस्त-मध्यम गिटारींचे नट कारखान्यात मुद्दाम थोडे उंच ठेवतात, कारण कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. तेव्हा तारांवर खर्च करण्याआधी ज्याच्याकडे नटच्या कानशी आहेत अशा माणसाकडून नट कमी करून घ्या. हे काम घरी करू नका, अर्धा मिलिमीटर जास्त कापला की उघडी तार झणझणते आणि नवीन नट बसवावा लागतो.

समुद्रकाठचा

हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आम्ही दोघं सात महिने उंच नटवर एफ धरायचा प्रयत्न करत होतो. रत्नागिरी किंवा चिपळूणला कोणी मिळतंय का बघतो.

आणि सॅडल? ती पण कमी करायची असते ना?

सहावी_तार

आधी मोजा. बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई ला अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक ई ला दोनच्या आसपास असेल तर चांगलं आहे, हात लावू नका. साडेतीन वगैरे असेल तर सॅडल कमी करता येते आणि हे मात्र घरी जमतं. बारावं घर बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडलची पट्टी एक मिमी घासावी लागते. खालून घासायची, वरून नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पेन्सिलने रेघ मारून, पट्टी सरळ उभी धरून. थोडं घासा, लावून बघा, परत काढा. मोजायला गॅरेजवाल्याकडचं फिलर गेज मागून आणा, स्पार्क प्लगची गॅप मोजतात ते, फार उपयोगी वस्तू आहे.

पण पावसाळ्यात मोजलं असेल तर जरा थांबा. दमट हवेत लाकूड फुगतं, वरची फळी ब्रिजपाशी वर येते आणि ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) आपोआप वाढते. जुलैत सॅडल घासली आणि जानेवारीत तारा झणझणल्या असं होतं. तेव्हा घासलीच तर मोजकी घासा, किंवा एक जास्तीची सॅडल घेऊन ठेवा आणि ती घासा, मूळची तशीच राहू दे.

तांबट_आळी

फॉस्फर ब्रॉन्झ आणि ८०/२० बद्दल मी लिहितो, आमच्या घरात तीन पिढ्या भांड्यांचं काम आहे त्यामुळे हा विषय जवळचा.

८०/२० ला पाकिटावर ब्रॉन्झ लिहितात पण ते कांसं नाहीच मुळी. ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे आपल्या भाषेत सरळ पितळ. तांब्यात कथील घातलं की कांसं होतं. फॉस्फर ब्रॉन्झ हे खरं कांसं, साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि अगदी चिमूटभर फॉस्फरस. रंगावरूनही ओळखता येतं, शेजारी शेजारी धरा, ८०/२० पिवळसर सोनेरी आणि फॉस्फर ब्रॉन्झ लालसर. आणि हे फक्त वरच्या वेटोळ्यांचं चाललंय, आतला गाभा दोन्हीत पोलादच. बारीक दोन तारा तर नुसत्या पोलादाच्या, त्यांना ना पितळ ना कांसं, त्यावर फार तर पातळ कथलाचा मुलामा असतो, म्हणजे आपली कल्हईच म्हणा. म्हणून तुमच्या बारीक तारा गंजल्या आणि जाड नुसत्या काळ्या पडल्या. गंज लोखंडालाच चढतो, तांबं-पितळ काळवंडतं.

आवाजात फरक म्हणाल तर नवीन असताना ८०/२० खणखणीत, चमकदार, स्ट्रमिंगला छान वाटतो, पण ती चमक लवकर उतरते. फॉस्फर ब्रॉन्झ थोडा ऊबदार आणि त्याचा आवाज आहे तसा जास्त दिवस टिकतो. गिटारसाठी तो डॅडारिओने १९७४ मध्ये आणला, तोपर्यंत ८०/२० चंच राज्य होतं. घामाने आणि दमट हवेने पितळ लवकर खराब होतं हे आम्ही रोज बघतो, तेव्हा समुद्राकाठी मी तरी फॉस्फर ब्रॉन्झच सांगेन.

सहावी_तार

तांबट_आळी, पितळ-कांस्याचं फार छान समजावलंत. मी इतकी वर्षं मुलांना ब्रॉन्झचे दोन प्रकार म्हणून सांगत आलो, आता बदलतो.

मडगांव_लोकल

कोटेडबद्दल मी बोलू शकतो, आमचंही घर खाडीला लागून. आमच्याकडे लग्नात, फेस्ताला गिटार लागतेच, मांडो (गोव्याचं पारंपरिक गाणं) म्हणायचा तर गिटार, व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य) हवंच, त्यामुळे घरात कायम दोन-तीन गिटारी बाहेर असतात आणि गंज हा आमचा पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे.

साध्या तारा माझ्याकडे जून ते सप्टेंबर तीन-चार आठवडे टिकतात, तुमच्यासारख्याच. एलिक्सिर नॅनोवेब लावायला लागलो तेव्हापासून एक सेट चार महिने सहज जातो, एकदा तर अख्खा पावसाळा काढला. किंमत मला साध्याच्या दुप्पट-अडीचपट पडते. तर हिशोब तुम्हीच करा, दुप्पट पैसे आणि चौपट दिवस. वर दर महिन्याला तारा बदलायचा व्याप वाचतो तो वेगळाच.

यात असं असतं की जाड तारांच्या वेटोळ्यांमध्ये ज्या फटी असतात त्यात घाम, मेण, कातडीचा भुगा जाऊन बसतो आणि तार मेल्यासारखी वाजते. कोटिंगची पातळ पापुद्र्यासारखी थर त्या फटी बंद करते. आणि बारीक तारांनाही गंज लागू नये म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली असते, समुद्रकाठी तीच जास्त कामाची. डॅडारिओच्या एक्सएस पण वापरून बघितल्यात, त्या हाताला साध्या तारेच्या जास्त जवळच्या लागतात.

लाकडाचा_आवाज

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी चार वर्षं कोटेड वापरून परत साध्यावर आलो. कोटेड तार पहिल्या दिवशी छान, शेवटच्या दिवशीही बरी, पण साध्या नव्या फॉस्फर ब्रॉन्झचा पहिल्या आठवड्यातला जो आवाज असतो, लाकूड बोलतंय असं वाटतं, तो कोटेडमध्ये मला कधीच मिळाला नाही. आणि पिकने वाजवणाऱ्यांचं कोटिंग तिसऱ्या तारेपाशी धाग्यासारखं सुटायला लागतं, ते बघवत नाही. शिवाय नवीन शिकणाऱ्याने तारा बदलायला शिकलंच पाहिजे, सेट सहा महिने टिकला तर तो शिकणार कधी?

मडगांव_लोकल

आवाजाचं मान्य, पहिल्या आठवड्यात साधी तार जास्त उघडी वाजते. पण तुम्ही कुठे राहता? पुण्यात पहिला आठवडा तीन आठवडे चालतो. इथे पहिला आठवडा म्हणजे पहिले तीन दिवस, मग उरलेले पंचवीस दिवस मेलेल्या तारांवर वाजवायचं. तुलना नव्या साध्या तारेशी नाही, तीन आठवड्यांच्या गंजक्या तारेशी करायला हवी. गंजकी तार फ्रेटही खाते आणि बोटंही, लहान मुलीच्या हातात तर मी देणारच नाही.

लाकडाचा_आवाज

मी सदाशिव पेठेत राहतो, तुमचा मुद्दा बरोबर आहे. समुद्राकाठच्या माणसाला मी साध्या तारांचा आग्रह करणार नाही. नोव्हेंबर ते मे साध्या आणि पावसाळ्यात कोटेड असं करता येईल.

समुद्रकाठचा

हे मला पटतंय, ऋतूप्रमाणे तारा. एक शंका, आमच्या शेजारचे काका म्हणतात खोबरेल तेलाचं बोट फिरव, गंज येणार नाही. करू का?

सहावी_तार

नका करू. बारीक दोन तारांना गंज लागणार नाही हे खरं, पण खोबरेल जाड तारांच्या वेटोळ्यांत जातं, त्यात धूळ बसते आणि तार दोन दिवसांत बसते. थंडीत ते थिजतं ते आणखी वेगळं. शिलाई मशीनचं तेल लावणारेही आहेत, तेही फिंगरबोर्डच्या लाकडात मुरतं. यापेक्षा वाजवण्याआधी साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची. खालून पुसत नाहीत लोक, घाम तिथेच लटकलेला असतो. गिटार भिंतीवर टांगून ठेवायची हौस असते पण तुमच्या घरात ती बॅगेतच हवी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. पुड्या ओल्या झाल्या की बदला.

वऱ्हाडी_कॉर्ड

अकोल्याहून. भाऊ, तुमचं ऐकून नवल वाटतं, आमच्याकडे पूर्ण उलटं आहे. इथे तारा आठ महिने गंजत नाहीत, पण एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं, वरची फळी बसते, ॲक्शन खाली येते आणि सगळ्या तारा झणझणायला लागतात. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. मी पहिल्या उन्हाळ्यात घाबरून १२ च्या तारा काढून १० लावल्या, वाटलं ताण कमी केला तर सुधारेल, तर झणझण आणखी वाढली!

नंतर समजलं का ते. तारा मानेला पुढे ओढतात आणि मानेच्या आतली ट्रस रॉड (ढिली-घट्ट करता येणारी धातूची सळई) मागे. हलक्या तारा लावल्या की ओढ कमी होते, मान सरळ होते किंवा मागेच झुकते आणि तारा फ्रेटला लागतात. ट्रस रॉड पाव फेरा ढिली केली तेव्हा जमलं. तेव्हा १२ वरून १० वर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवा, झणझणलं तर तार खराब आहे असं समजू नका. आता उन्हाळ्यात बॅगेत साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते म्हणतात, आमचा कूलर चालू असलेल्या खोलीत जवळपास तेवढी येते.

मिरजवाला

धागा वाचून राहवलं नाही. मी गिटारवाला नाही, सतार वाजवतो, घर मिरजेत, सतारमेकर गल्लीत जाणं-येणं रोजचं. आमच्या बाजाच्या (मुख्य वाजवायच्या) तारेला ३ नंबर म्हणतात, म्हणजे साधारण ०.३० मिमी पोलाद. ०.०१२ इंच म्हणजेही ०.३० मिमीच. म्हणजे तुमच्या १२ च्या सेटची पहिली तार आणि माझी बाजाची तार जाडीने सारखीच! पण माझी तार तुमच्यापेक्षा कितीतरी लांब आहे आणि खालच्या सुराला लावलेली, म्हणून मी ती पडद्यावर आडवी ओढून चार-पाच सुरांची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) घेऊ शकतो. तुम्ही १२ वर तसं करायला गेलात तर बोट कापेल. मुद्दा एवढाच की नुसती जाडी बघून तार कडक का मऊ हे ठरत नाही, लांबी आणि सूर दोन्ही धरावे लागतात.

आणि तुम्ही ज्याला झणझण म्हणून घालवायला बघताय ती आम्ही जवारी म्हणून मुद्दाम काढून घेतो, घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग घासून. त्यासाठी आमच्याकडे कारागिरांच्या पिढ्या आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हाला चिपळूणला कोणी मिळालं नाही तर मिरजेला या, नटच्या खाचा घासणं आमच्या कारागिरांना अवघड नाही, बारीक कानशी असतात आणि हात तयार असतो.

सहावी_तार

मिरजवाले, लांबी आणि सुराच्या मुद्द्यावरून एक स्वस्त उपाय आठवला जो मी सगळ्या नवशिक्यांना सांगतो. समुद्रकाठचे, नवीन सेट येईपर्यंत आहेत त्याच तारा अर्धा सूर खाली लावा, सहाही. ताण ११ टक्के कमी होतो. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, म्हणजे सूर मूळ जागी येतो आणि तुमचा उंच नटही बाजूला होतो. एक पैसा खर्च नाही. लेकीला आजच वाजवता येईल.

समुद्रकाठचा

आत्ताच केलं. ती तासभर उठली नाही. मनापासून धन्यवाद.

नवशिकी_आई

मध्येच विचारते, चालेल ना? माझ्या मुलाला आत्याने गिटार दिलीय, तारा पारदर्शक प्लॅस्टिकच्या आहेत आणि जाड तीन चंदेरी. आवाज फार मऊ येतो, त्याला गाण्यांसारखा खणखणीत हवाय. तर यावर १० चा फॉस्फर ब्रॉन्झ लावला तर? तो सगळ्यात हलका आहे ना.

सहावी_तार

ताई, अजिबात लावू नका! ती क्लासिकल म्हणजे नायलॉन तारांची गिटार आहे. तिच्या सहा तारा मिळून चाळीस किलोच्या आसपास ओढतात आणि आतल्या पट्ट्या तेवढ्याच ताणासाठी बसवलेल्या असतात. सगळ्यात हलका पोलादी सेटही साठ किलो. आठवड्या-महिन्यात फळी फुगते, मान वाकते आणि एक दिवस ब्रिज फाटकन निघून येतो, माझ्याकडे अशा तीन गिटारी आल्यात.

ओळखायची खूण सांगतो. ब्रिजला पिना नसतील आणि तारा गाठ मारून बांधलेल्या असतील, वर डोक्याला लांब दोन खाचा असतील आणि मान रुंद असेल, नटपाशी ५० मिमीच्या वर, तर ती नायलॉनची. पोलादीवाल्याची मान तिथे ४३ च्या आसपास असते. तिच्यावर नायलॉनच्याच नव्या तारा लावा, नॉर्मल टेन्शन लिहिलेल्या. आवाज खणखणीत होणार नाही पण उजळेल नक्की. आणि लहान मुलाला नायलॉन खरंच चांगली, बोटं दुखत नाहीत.

नवशिकी_आई

बरं झालं विचारलं, मी उद्या ऑर्डर करणार होते. बघितलं, गाठीच आहेत. खूप आभार.

मडगांव_लोकल

ज्यांच्याकडे जुनी, आजोबांच्या वेळची पोलादी गिटार आहे, फळी थोडी फुगलेली, त्यांनी सिल्क अँड स्टील प्रकारही बघावा. गाभा आणि वेटोळ्यांच्या मध्ये रेशमासारखे धागे असतात, ताण कमी, आवाज मऊ. माझ्या वडिलांच्या गिटारवर मी तेच लावतो, जोरात स्ट्रमिंगला उपयोग नाही पण बोटांनी वाजवायला फार गोड.

टोरांटोकर

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी, खूप स्वस्त दिसणाऱ्या सेटपासून सावध राहा, नकली माल बराच आहे. मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा भावाने घेतलेला सेट बघितला, तिसरी तार सुरातच येत नव्हती, खालच्या घरात बरोबर आणि वर गेलं की बेसूर. डॅडारिओ असेल तर तारेच्या टोकाच्या गोळ्यांना रंग असतात, बारीक ई चंदेरी, मग जांभळा, हिरवा, काळा, लाल आणि जाड ई पितळी. पाकिटावर कंपनीच्या साईटवर टाकायचा कोड पण असतो, तो चालतो का बघा. रंगांची नक्कल करतात, कोडाची करणं अवघड.

इकडे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा अकोल्याच्या मे महिन्यासारखी होते, ती साबणाच्या डबीची युक्ती मी आजपासून करणार.

समुद्रकाठचा

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय, काय काय झालं ते सांगायला.

चिपळूणला कोणी मिळालं नाही, शेवटी मिरजेलाच गेलो, पाहुण्यांकडे जायचं होतंच. एका सतार कारागिराने नटच्या खाचा माझ्यासमोर घासल्या, प्रत्येक खाचेनंतर तार तिसऱ्या घरात दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघत होता, कागदाएवढी राहिली की थांबायचा. वीस मिनिटांचं काम. त्यांनी पैसे घ्यायला नको म्हटलं, मी आग्रहाने दिले.

सॅडल मोजली, जाड ई ला पावणेतीन मिमी आली, पावसाळा आहे म्हणून हात लावला नाही. मग कोटेड १० चा फॉस्फर ब्रॉन्झ सेट लावला, १०-४७. पहिल्या दोन दिवसांत पाचव्या घराच्या आसपास जाड तार थोडी झणझणली, वऱ्हाडी_कॉर्ड यांचं वाचलेलं असल्याने घाबरलो नाही, ट्रस रॉड पाव फेऱ्याहूनही कमी ढिली केली आणि थांबली. आज सात आठवडे झाले, एक ठिपका नाही. ऑगस्टमध्ये इथे भिंतींना बुरशी आली पण तारा स्वच्छ आहेत.

एफ वाजतो. लेकीचा पूर्ण वाजतो, माझी दुसरी तार अजून कधी कधी दबते.

आता तिची नवी मागणी आहे. म्हणते १० चा आवाज पातळ वाटतो, मैत्रिणीच्या गिटारचा भरलेला येतो, मैत्रिणीकडे १२ आहेत. तर ११ वर जाऊ का, की एकदम १२?

सहावी_तार

वाचून फार बरं वाटलं. ११-५२ वर जा. तिची बोटं आता तयार झालीयेत आणि नट नीट आहे, त्यामुळे मधला १२ चा त्रास परत होणार नाही, पण उडी एकदम नको. ११ मध्ये फळी पुरेशी हलते, आवाज भरतो आणि बोटं तासभर टिकतात, एफ३१० सारख्या गिटारला मला तोच सेट सगळ्यात जास्त शोभतो. मात्र आत्ता लावू नका, सप्टेंबर संपू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड जरा सुकलं की लावा आणि तेव्हाच ॲक्शन परत मोजा, ट्रस रॉडलाही थोडं उलट फिरवावं लागेल. लावताना एकेक तार बदला, आणि पिन बसवताना तार वर ओढून गोळी आतल्या फळीला टेकली का ते बघा, नाहीतर पिन उडते.

समुद्रकाठचा

ठरलं, दसऱ्याला ११. या वेळी तारा तीच चढवणार म्हणतेय. कोटेड घेऊ की साध्या?

लाकडाचा_आवाज

दसऱ्यानंतर साध्या फॉस्फर ब्रॉन्झ. पहिला आठवडा तिला ऐकू दे.

मडगांव_लोकल

हो, ऑक्टोबरनंतर साध्या चालतील. फक्त पुसायला विसरू नका, खालूनसुद्धा. आणि कापलेली टोकं लगेच कागदात गुंडाळून टाका, आमच्याकडे एकदा पायात गेली होती.